उपचार केंद्र की धार्मिक निवासी शाळा? माहितीपत्रकात फरक दिसत नाही

अमेरिकेत हाताबाहेर गेलेल्या मुलासाठी पालक जागा शोधू लागले की दोन प्रकारच्या संस्था समोर येतात. माहितीपत्रकं सारखीच: हिरवं कुरण, घोडे, हसरी मुलं. पण एक असतं निवासी उपचार केंद्र आणि दुसरी धार्मिक निवासी शाळा. गल्लत पालकांची होते, भोगतात मुलं.

उपचार केंद्राला राज्याचा परवाना लागतो. मुलाचं निदान होतं, तपासणी होते, नियम मोडले तर परवाना जाऊ शकतो. धार्मिक शाळेत बहुतेकदा बायबलचं पाठांतर, अंगमेहनत आणि कडक शिस्त हाच उपचार मानला जातो. माझा आक्षेप प्रार्थनेला नाही. आत काय चाललंय हे पाहायला बाहेरचं कुणी येऊच शकत नाही, याला आहे.

मिसुरी राज्याने १९८२ मध्ये धार्मिक संस्थांना परवान्यातून सूट दिली आणि पुढची जवळपास चाळीस वर्षं त्यांच्यावर राज्याची फारशी देखरेखच नव्हती. तिथल्या स्टॉकटन गावातल्या अगापे बोर्डिंग स्कूल या धार्मिक शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी मारहाणीच्या आणि मुलांना जमिनीवर दाबून धरल्याच्या तक्रारी केल्या. २०२१ मध्ये राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनी (राज्याचे मुख्य कायदा अधिकारी) २२ जणांवर आरोप ठेवावेत असं सुचवलं. काउंटीच्या (जिल्ह्याच्या) सरकारी वकिलाने ठेवले फक्त पाच जणांवर. शाळा बंद झाली जानेवारी २०२३ मध्ये.

अशा संस्थांतून बाहेर पडलेली मुलं एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात. घरी फोन करताना शेजारी कर्मचारी बसलेला. ‘मला इथून न्या’ म्हटलं की फोन कट. आणि आईवडिलांना आधीच बजावलेलं, ‘मूल खोटं बोलेल, विश्वास ठेवू नका.’ हे वाचताना पोटात गोळा येतो.

‘मान्यताप्राप्त’ या शब्दालाही भुलू नका. टेक्सासमध्ये १९९७ साली, जॉर्ज डब्ल्यू. बुश गव्हर्नर असताना, धार्मिक गृहांना सरकारी परवान्याऐवजी धार्मिक मंडळाची मान्यता पुरेशी ठरली. म्हणजे तपासणारेही आपलेच. २००१ मध्ये ती सोय संपली.

परवाना म्हणजे हमी, असंही नाही. युटा राज्यातल्या प्रोवो कॅन्यन स्कूलला धर्माचा संबंध नव्हता, परवाना होता. तरी तिथल्या छळाबद्दल, किशोरवयात तिथे राहिलेल्या पॅरिस हिल्टन या प्रसिद्ध अमेरिकी तारकेने २०२१ मध्ये आमदारांसमोर साक्ष दिली. पण परवाना असला की निदान नियम कुणावर आणि कसे कडक करायचे हे ठरवता येतं. युटाने त्याच वर्षी तसा कायदा केला.

मिसुरीनेही २०२१ मध्ये धार्मिक संस्थांना नोंदणी आणि कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणी सक्तीची केली, पालकांना मुलाला भेटण्याचा हक्क दिला. परवाना मात्र अजूनही सक्तीचा नाही. म्हणून ओळखीतलं कुणी अशा जागेचा विचार करत असेल, तर घोड्यांचे फोटो बाजूला ठेवून फोनवर आधी हे विचारायला सांगा: परवाना कुणाचा? न कळवता आलो तर मूल भेटेल? आणि ते आमच्याशी बोलताना शेजारी कोण बसतं?