दीड एकरापासून एका गुंठ्यापर्यंत

पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीच्या जलाशयात जातं. तिथे पाण्यावर हिरवा थर धरला की तो आता उपग्रहाच्या चित्रात घरबसल्या दिसतो, तोही फुकट. इथवर यायला दीडशे वर्षं लागली.

१८६५ साली अँजेलो सेकी या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी सोडली. ती दिसेनाशी झाली की दोरी किती उतरली ते मोजायचं. तीच पाण्याची पारदर्शकता. ही तबकडी अजूनही वापरात आहे.

२३ जुलै १९७२ ला अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह उडाला. त्याच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर सुमारे ८० मीटर लांब-रुंद, म्हणजे आपल्या हिशेबात दीड एकराहून थोडा जास्त. पेशव्यांनी शहराला पाणी आणलं तो कात्रजचा तलाव अशा ठिपक्यांत बसवून बघा! काठावरचा जवळपास प्रत्येक ठिपका अर्धा पाणी, अर्धा जमीन. १९८८ मध्ये आपला आयआरएस-१ए उपग्रह गेला. त्याच्या दोन प्रकारच्या कॅमेऱ्यांपैकी एकाचा ठिपका ७२.५ मीटर, दुसऱ्याचा त्याच्या निम्मा. १९९९ चा ओशनसॅट पाण्याचा रंग टिपण्यासाठी होता, पण समुद्राच्या. त्याचा ठिपका शेकडो मीटरचा.

खरा फरक पडला तो दोन गोष्टींनी. २००८ मध्ये लँडसॅटची जुनी-नवी सगळी चित्रं मोफत झाली. आणि २०१५ पासून युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह आले. २०१७ मध्ये जोडी झाल्यावर दर पाच दिवसांनी फेरी. त्यांचा ठिपका १० मीटर, म्हणजे जवळपास ३३ बाय ३३ फूट, साधारण एक गुंठा. (सातबारा वाचणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.)

शेवाळातलं हरितद्रव्य ६६५ नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश शोषतं आणि ७०५ च्या जवळ पाणी जास्त उजळ दिसतं. या दोहोंच्या गुणोत्तरावरून शेवाळाचा अंदाज बांधतात. मात्र सेंटिनेल-२ च्या ७०५ च्या प्रकाशातल्या चित्राचा ठिपका २० मीटरचा, म्हणजे तिथे हिशेब पुन्हा चार गुंठ्यांवर. शिवाय सांडपाण्यातले नायट्रेट, फॉस्फेट हे क्षार पाण्याचा रंग बदलत नाहीत, त्यामुळे ते थेट दिसत नाहीत. पाषाण तलावासारखी जलपर्णी पसरली, तर खालचं पाणी झाकलंच जातं. चित्रात नुसतं हिरवं रान.

जुलैत खडकवासल्याचं पाणी चहासारखं गढूळ होतं, तेव्हा नेमके वर ढग. ढगांच्या आरपार पाहणारे रडार-उपग्रह आहेत, पण त्यांना पाण्याचा रंग कळत नाही.