हेल ऐकू येतो, स्वभाव आपण जोडतो

फोनवर अनोळखी माणूस बोलू लागला की दोन वाक्यांतच आपण ठरवतो: हा शिकलेला, तो रांगडा. यात आवाजाचा वाटा किती आणि हेलाचा किती, हे वेगळं काढायची युक्ती कॅनडातल्या माँट्रियलमध्ये मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट आणि सहकाऱ्यांनी १९६० साली मांडली. ती आजही वापरली जाते.

फ्रेंच आणि इंग्रजी सारख्याच सफाईने बोलणाऱ्या चौघांकडून त्यांनी एकच उतारा दोन्ही भाषांत वाचून घेतला. त्यात आणखी दोन आवाज मिसळले. श्रोत्यांच्या समजुतीप्रमाणे ती दहा वेगळी माणसं होती. प्रत्येक आवाजाला १४ गुणांवर, सहा पायऱ्यांच्या मोजपट्टीवर जोखायचं होतं. त्याच माणसाचं इंग्रजी रूप फ्रेंच रूपापेक्षा हुशार, भरवशाचं, एवढंच काय, उंचसुद्धा ठरलं! आणि हे फ्रेंच श्रोत्यांनीही ठरवलं.

हाच प्रयोग हेलांवर करायचा तर बोलणाऱ्याची निवड सर्वांत अवघड. दोन्ही हेल लहानपणापासून अंगवळणी पडलेला माणूसच हवा. नक्कल करणारा दोन-तीन ठळक लकबी ठासून भरतो आणि श्रोते त्या अतिरेकालाच गुण देतात. उतारा वाचायला दिला की हेल पातळ होतो, कारण वाचताना जीभ प्रमाण उच्चारांकडे वळते. त्यापेक्षा नकाशा समोर ठेवून रस्ता सांगायला लावावा. शब्द थोडे बदलतील, पण हेल खरा उतरेल. आवाजाची पातळी आणि बोलण्याचा वेग सारखा ठेवावा, कारण भरभर बोलणारा एरवीही जास्त जाणकार वाटतो. सुरांचे चढउतार मात्र सपाट करू नयेत. हेलाचा मोठा भाग तिथेच असतो.

आणि उत्तरपत्रिकेवर बोलणाऱ्याचा प्रदेश कधीही लिहू नये. नॅन्सी निडझिएल्स्की यांनी १९९९ साली डेट्रॉइटच्या (अमेरिकेच्या मिशिगन राज्यातलं, कॅनडाच्या सीमेवरचं शहर) श्रोत्यांना डेट्रॉइटच्याच बाईचा आवाज ऐकवला होता. कागदावर काहींना 'कॅनडा', काहींना 'मिशिगन' छापलेलं मिळालं, आणि तेवढ्याने त्यांना ऐकू आलेला स्वरच बदलला.

ब्रिटनमध्ये हॉवर्ड जाइल्स यांना दुहेरी निकाल मिळाला. प्रमाण उच्चार करणारा सक्षम वाटतो, प्रादेशिक हेलाचा माणूस प्रामाणिक आणि मनमिळाऊ. पण हा गोडवा किंवा दरारा ध्वनीत नसतो. ग्रीक लोकांत अथेन्सच्या बोलीला मान आहे, क्रीटच्या बोलीला कमी. ग्रीक अजिबात न येणाऱ्या ब्रिटिश विद्यार्थ्यांना दोन्ही ऐकवल्या, तेव्हा अथेन्सची बोली वरचढ ठरली नाही.

मग कमी मानाचे हेल टिकतात कसे? भाषावैज्ञानिक विल्यम लबॉव्ह यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळच्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर १९६३च्या अभ्यासात नेमकं हेच पाहिलं. उन्हाळ्यात पर्यटकांनी भरणाऱ्या या बेटावर 'राइट', 'हाउस' यांतला जोडस्वर पूर्ण 'आ'पासून न उचलता 'अ'च्या जवळून, म्हणजे आपल्या 'ऐ', 'औ'कडे झुकवून उच्चारायची जुनी सवय पुन्हा वाढत होती, मच्छीमारांत सर्वाधिक. लबॉव्ह यांनी तिचा निर्देशांक काढला: आकडा जितका मोठा, तितकी ही सवय जास्त. 'राइट'मधल्या स्वरासाठी तो बेटावर जीव असलेल्यांत ६३ भरला, मनाने तटस्थ असलेल्यांत ३२, आणि बेट नकोसं झालेल्यांत अवघा ९.