लंडन ते पॅरिस : तिकिटावरचा सव्वा तास

लंडनहून पॅरिसला विमानाने जावं की रेल्वेने, हा प्रश्न युरोपला निघालेले जवळजवळ सगळेच विचारतात. पैसे भरण्याआधी हे पत्रक घरच्यांसोबत एकदा निवांत वाचा.

दोन शहरांमधलं हवाई अंतर साधारण ३४० किलोमीटर आहे. मुंबईहून छत्रपती संभाजीनगरला गाडीने जाताना जेवढं पडतं, जवळपास तेवढंच. हीथ्रोहून शार्ल द गोल विमानतळापर्यंत विमान हवेत असतं ते पाऊण तास, फार तर तासभर. तिकिटावर सव्वा तास किंवा थोडा जास्त दिसतो, कारण गेटपासून धावपट्टीपर्यंत जाणं, तिथे नंबर लागेपर्यंत थांबणं आणि उतरल्यावर पुन्हा गेटला लागणं हे त्यात धरलेलं असतं.

तिकीट हातात पडलं की वेळेबद्दल फोन येतातच. समजा, जाताना विमान ९ वाजता सुटून ११.२० ला पोहोचतं आणि परतीचं १२ ला सुटून १२.२० ला! छपाईत काही चुकलेलं नाही. पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असतं आणि तिकिटावर त्या त्या गावची वेळ छापतात. प्रवास दोन्ही वेळा १ तास २० मिनिटांचाच. उन्हाळ्यासाठी घड्याळं पुढे करतात तीही दोन्हीकडे एकाच रात्री, म्हणून हा फरक बाराही महिने तेवढाच राहतो.

आता हॉटेलच्या दारापासून मोजू. मध्य लंडनहून हीथ्रो गाठायला तासभर, दोन तास आधी हजेरी, विमानाचा सव्वा तास, मग इमिग्रेशन आणि बॅगा येईपर्यंत आणखी एक तास, आणि शार्ल द गोलहून पॅरिसमध्ये यायला पुन्हा पाऊण तास. सहा तास सहज गेले.

युरोस्टार रेल्वे सेंट पॅनक्रस स्टेशनवरून सुटते आणि साधारण सव्वादोन तासांत पॅरिसच्या गार द्यु नॉरला, म्हणजे थेट शहरात उतरवते. फ्रान्सचं इमिग्रेशन लंडनच्या स्टेशनवरच होतं. पॅरिसला उतरलात की सरळ बाहेर. दीड तास आधी पोहोचा, सगळं मिळून पाच तासांच्या आत हॉटेलवर असाल. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर आम्ही आवर्जून रेल्वेच सुचवतो. बॅगांचं वजन इथे कोणी करत नाही, पण त्या डब्यात चढवायच्या आणि रॅकवर ठेवायच्या आपल्यालाच. स्वतःला उचलता येईल एवढीच बॅग भरा. १९९४ साली सुरू झालेला समुद्राखालचा बोगदा ५० किलोमीटरचा आहे. गाडी तो वीसेक मिनिटांत पार करते. खिडकीतून त्या वेळी फक्त अंधार दिसतो, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

भारतातून हीथ्रोला उतरून त्याच दिवशी पुढे पॅरिस गाठायचं असेल, तर मात्र विमानच सोयीचं.

व्हिसाचं नीट बघा. फ्रान्स आणि स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत; ब्रिटन त्यात नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर दोन वेगळे व्हिसा लागतात. आधी पॅरिस, मग लंडन आणि तिथून स्वित्झर्लंड असा क्रम असेल, तर शेंगेनमध्ये दोनदा प्रवेश होतो. एकाच प्रवेशाचा व्हिसा तिथे चालत नाही. सहलीचा क्रम अर्ज भरण्यापूर्वीच आम्हाला कळवा.