नेपाळमधील ई-व्यापार

नेपाळमधील ई-व्यापार : इंटरनेटवरून वस्तू व सेवांची खरेदी-विक्री करण्याचा नेपाळमधील व्यवहार. 2021 च्या जनगणनेनुसार देशाची लोकसंख्या सुमारे 2 कोटी 92 लाख आहे. बाजारपेठ लहान, देश चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला आणि बराचसा भाग डोंगराळ. काठमांडू, ललितपूर व भक्तपूर ही खोऱ्यातील शहरे आणि पोखरा, विराटनगर, बुटवल, भरतपूर यांसारख्या मोठ्या गावांत हा व्यवहार रुळला. दुर्गम डोंगरी जिल्ह्यांपर्यंत तो अजून नीट पोहोचलेला नाही.

इथल्या ई-व्यापाराचा पहिला ग्राहक देशाबाहेर होता. 2000 च्या सुमारास मुंचा डॉट कॉम आणि थमेल डॉट कॉम ही संकेतस्थळे चालू झाली, ती परदेशातील नेपाळ्यांसाठी. अमेरिकेत किंवा आखाती देशांत राहणाऱ्या मुलाने कार्डाने पैसे भरायचे आणि काठमांडूतल्या आईवडिलांच्या दारात केक, मिठाई, फुले पोहोचवायची, असा हा धंदा. दशैंच्या सणाला तर जिवंत बोकडही असा घरपोच होई. देशात कार्डे नव्हती, इंटरनेट महाग होते. तरी परदेशातून येणाऱ्या पैशांवर हा व्यवसाय उभा राहिला. स्थलांतरितांनी पाठवलेला पैसा आजही नेपाळच्या सकल राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे एक चतुर्थांश आहे, हे लक्षात घेतले की ही सुरुवात किती स्वाभाविक होती ते कळते.

देशांतर्गत ग्राहकांसाठीची दुकाने नंतर आली. हाम्रोबजार हे जुन्या-नव्या वस्तूंच्या जाहिरातींचे स्थळ, 2010 मध्ये जेवण घरपोच देणारे फूडमांडू, 2011 मध्ये सस्तोडील हे ऑनलाइन दुकान. कायमू ही परदेशी भांडवलाची कंपनी 2016 मध्ये दराज या ऑनलाइन बाजारमंचात विलीन झाली आणि 2018 मध्ये चीनच्या अलिबाबाने दराज विकत घेतली. तेव्हापासून दराज हे नेपाळमधील सर्वांत ठळक नाव. 11 नोव्हेंबरचा तिचा मोठा सेल आता दशैं-तिहारच्या (दसरा-दिवाळीच्या) सुमाराची ठरलेली खरेदी झाला आहे. सस्तोडीलने 2020 मध्ये भारतातील फ्लिपकार्टशी भागीदारी केली होती.

पैसे देण्याची पद्धत हा या बाजाराचा सर्वांत बोलका भाग. 2009 मध्ये ईसेवा, 2017 मध्ये खल्ती अशी डिजिटल पाकिटे आली, बँकांचे क्यूआर कोड भाजीवाल्यापासून चहाच्या टपरीपर्यंत पोहोचले. तरीही माल हातात पडल्यावरच पैसे द्यायचे, ही सवय सुटलेली नाही. दारात उभ्या असलेल्या पोऱ्याच्या मोबाइलवरचा क्यूआर स्कॅन करून ग्राहक पैसे देतो. म्हणजे रोकड कमी झाली, पण आगाऊ पैसे भरण्याइतका विश्वास बसला नाही. छायाचित्रात एक आणि खोक्यात भलतेच, असा अनुभव अनेकांना आल्यामुळे ग्राहकाची ही सावधगिरी रास्तच म्हणावी लागेल. विक्रेत्याला मात्र ती महाग पडते: ग्राहकाने ऐनवेळी नकार दिला की माल परत आणण्याचा खर्च त्याच्याच माथी.

पोहोचवण्याचे काम त्याहून कष्टाचे. काठमांडूत घर क्रमांकांची पद्धत नीट रुजलेली नाही. पत्ता म्हणजे अमुक चौक, तमुक मंदिराच्या मागे, निळे फाटक. त्यामुळे मोटरसायकलवरचा मुलगा चौकात थांबून फोन लावतो, ‘दाइ, घर कता हो?’ (दादा, घर कुठे आहे?) विचारतो आणि पलीकडून वळणे सांगितली जातात. खोऱ्याबाहेर प्रश्न रस्त्यांचा. पावसाळ्यात नारायणगड-मुग्लिंग रस्त्यावर दरडी कोसळून वाहतूक खोळंबते. जुलै 2024 मध्ये सिमलताल इथे दोन प्रवासी बस दरडीखाली सापडून त्रिशूली नदीत वाहून गेल्या. चीनकडील तातोपानी नाका 2015 च्या भूकंपानंतर 2019 पर्यंत बंद होता. त्याच 2015 च्या सप्टेंबरात भारताच्या सीमेवरील नाकेबंदी सुरू झाली आणि इंधनापासून औषधांपर्यंत सारेच अडले. दुकान मोबाइलमध्ये असले, तरी बराचसा माल भारताच्या सीमेवरील रक्सौल-वीरगंजच्या नाक्यातूनच येतो.

मार्च 2020 मध्ये कोविडची टाळेबंदी लागली आणि किराणा, औषधे ऑनलाइन मागवण्याची सवय अनेक घरांना त्या काळात लागली. पण खरा विस्तार झाला तो फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉकवर. घरी बसून कपडे, लोणची, दागिने विकणाऱ्या बायका थेट प्रक्षेपणावर माल दाखवतात आणि संदेशांतून मागणी घेतात. ही विक्री लहान भांडवलाला परवडते, म्हणून तिचे मोल मोठ्या मंचांपेक्षा कमी लेखू नये. तिचा पाया मात्र परक्याच्या हातात आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये टिकटॉकवर आलेली बंदी ऑगस्ट 2024 मध्ये उठली. 4 सप्टेंबर 2025 रोजी नोंदणी न केल्याच्या कारणावरून फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲपसह 26 मंच बंद करण्यात आले. तरुणांच्या आंदोलनानंतर चारच दिवसांत ही बंदी मागे घ्यावी लागली. ज्यांचे दुकानच त्या मंचावर होते त्यांच्यासाठी ते चार दिवस गल्ल्याला टाळे लागण्यासारखे होते.

कायद्याच्या बाजूने इलेक्ट्रॉनिक व्यवहारांचा कायदा जुना. 2018 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही काही आधार दिला. ऑनलाइन व्यापारासाठीचा स्वतंत्र कायदा 2025 मध्ये लागू झाला. विक्रेत्याने शासनाकडे नोंद करावी, आपली ओळख व अटी उघड सांगाव्यात, तक्रारी ऐकण्याची सोय ठेवावी, अशी त्याची दिशा आहे. लबाड विक्रेत्यांना चाप बसवण्यासाठी तो हवाच होता. घरगुती विक्रेत्यांना ही नोंदणी झेपेल इतकी सोपी ठेवणे तितकेच गरजेचे आहे.

सीमेपलीकडचा व्यवहार अजून अवघड आहे. परकीय चलन जपण्यासाठी नेपाळ राष्ट्र बँकेने (देशाच्या मध्यवर्ती बँकेने) 2021 मध्ये सामान्य नागरिकाला ऑनलाइन खरेदीसाठी वर्षाला 500 डॉलरपर्यंतच खर्च करता येईल असे कार्ड सुरू करू दिले. भारतीय पर्यटकांची सोय मात्र झाली: मार्च 2024 पासून नेपाळमधील फोनपे जाळ्याच्या क्यूआरवर यूपीआयने पैसे देता येतात (भारतातील त्याच नावाच्या ॲपशी या कंपनीचा संबंध नाही). मुंबई-पुण्याहून पशुपतिनाथ, मुक्तिनाथला जाणारे यात्रेकरू याचा उपयोग करू शकतात. उलट पश्मिना, लोकरी कापड, धातूच्या मूर्ती परदेशी ग्राहकाला थेट विकू पाहणाऱ्या नेपाळी कारागिराला पेपाल वापरून पैसे घेता येत नाहीत. त्याला बँकेची लांबलचक प्रक्रिया पार पाडावी लागते किंवा परदेशातील नातेवाइकाच्या खात्याचा आधार घ्यावा लागतो.