बालकांचे वैयक्तिक सुरक्षा शिक्षण : ग्रामीण विदर्भ

अनोळखी वा ओळखीच्या व्यक्तीकडून होऊ शकणारी फसवणूक, अपहरण आणि लैंगिक छळ यांपासून स्वतःला जपता यावे, म्हणून मुलांना दिले जाणारे वयानुरूप शिक्षण. धोका ओळखणे, नकार देणे, तेथून निघून जाणे आणि विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगणे ही त्याची चार अंगे होत. शहरी शाळांसाठी तयार झालेले धडे विदर्भातल्या खेड्यांत जसेच्या तसे लागू पडत नाहीत, कारण येथील मुलांचा दिवस वावर (शेत), फाटा, एसटी, आठवडी बाजार, यात्रा आणि आश्रमशाळा यांत विभागलेला असतो आणि त्यांच्या रोजच्या जगात खऱ्या अर्थाने अनोळखी असा माणूस क्वचितच येतो.

‘अनोळखी माणसाशी बोलू नको’ ही सूचना घरोघरी दिली जाते. पण एवढ्यावर थांबणे अपुरे आणि काही वेळा घातक ठरते. लहान मुलांच्या मनात अनोळखी म्हणजे दिसायला भयंकर, मळक्या कपड्यांतला माणूस अशी प्रतिमा असते. नीटनेटका पोशाख केलेला, हसून नाव विचारणारा माणूस दोन मिनिटांत त्यांच्या लेखी ओळखीचा होतो. शिवाय गावात प्रत्येक प्रौढाला मामा, काका, भाऊजी, आजी म्हणायला मुलांना शिकवलेले असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांनुसार मुलांवरील बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडित मुलाच्या ओळखीचा असतो. म्हणून माणसाची ओळख ही कसोटी न ठेवता त्याचे वागणे ही कसोटी मुलांच्या हाती द्यावी लागते. आईवडिलांना न विचारता सोबत चल म्हणणारा, गुपित ठेवायला सांगणारा, कारण नसताना पैसे वा खाऊ देणारा आणि कपड्यांखालच्या भागांना हात लावणारा माणूस, मग तो कोणीही असो, सावध होण्याजोगा आहे, हे मुलाला स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

फाट्यावरचा प्रसंग याचे चांगले उदाहरण आहे. मुख्य रस्त्यापासून दोन-तीन किलोमीटर आत असलेल्या गावांतली मुले तालुक्याच्या शाळेतून परतताना फाट्यावर उतरतात आणि पुढे पायी निघतात. मानव विकास कार्यक्रमातून मुलींसाठी धावणाऱ्या निळ्या बसगाड्यांनी हा प्रवास पुष्कळ सोपा केला, तरी गाडी चुकली की मागून येणाऱ्या दुचाकीवर बसणे ही सर्रास पडलेली रीत आहे. ‘तुह्या मायनं बलावलं, चाल बस गाडीवर’ असे म्हणणाऱ्याला नाही म्हणणे दहा वर्षांच्या मुलीला सोपे नसते, कारण मोठ्यांचे ऐकावे हेच तिला आजवर शिकवलेले असते. यासाठी घराने एक परवलीचा शब्द ठरवावा : न्यायला आलेल्याने तो सांगितला तरच गाडीवर बसायचे, एरवी सोबतच्या मुलांना धरून चालत राहायचे किंवा फाट्यावरच्या टपरीपाशी थांबायचे. हा शब्द निवडताना विचार करावा लागतो. बैलाचे नाव, आजीचे नाव, कुलदैवताचे नाव हे सगळे गावाला पाठ असते. घराबाहेर कधी उच्चारला न जाणारा एखादा शब्दच कामाचा. एकदा वापरला गेला की तो बदलावा, आणि घरातल्यांनी तो स्वतःही पाळावा, नाहीतर मूल तो विसरते.

नुसत्या उपदेशापेक्षा करून पाहण्याने ही कौशल्ये मुलांच्या अंगी अधिक बाणतात. एकाने दुचाकीवाला व्हायचे, दुसऱ्याने विद्यार्थी, आणि मोठ्याने ‘नाही, मी येत नाही’ म्हणून मागे सरकायचे, एवढा खेळ अंगणवाडीच्या ओट्यावरही होतो. पहिल्यांदा मुलांचा आवाज फुटत नाही, ती हसतात, खाली बघतात. तोच खेळ चार-पाच वेळा झाला की स्वर चढतो. असा सराव अधूनमधून पुन्हा घ्यावा लागतो.

यात्रा आणि मंडई (जत्रेसारखा गावमेळा) यांची तयारी वेगळी असते. चंद्रपूरची महाकाली यात्रा, बहिरमची यात्रा, महाशिवरात्रीला मार्कंडा येथे भरणारी यात्रा, तसेच दिवाळीनंतर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीच्या जिल्ह्यांत गावोगाव भरणारी मंडई आणि तिच्या रात्री रंगणारे नाटक, या गर्दीत लहान मुलाचा हात सुटणे अगदी शक्य असते. हरवलेले मूल ‘आई’ अशी हाक मारते आणि त्या हाकेला शेकडो आया वळून पाहतात. म्हणून आईचे व वडिलांचे पूर्ण नाव त्याला आले पाहिजे. गावाचे नाव एकटे पुरत नाही, कारण पिंपळगाव, वडगाव ठिकठिकाणी आहेत. तालुका आणि जिल्हाही पाठ असावा. मोबाइल क्रमांकाची चिठ्ठी खिशात आतल्या बाजूला ठेवावी. नाव दप्तरावर बाहेरून ठळक लिहिल्यास ते वाचून कोणीही हाक मारू शकतो. हात सुटल्यावर इकडेतिकडे न धावता जवळच्या दुकानदाराला, पोलिसाला किंवा सोबत लेकरे असलेल्या बाईला सांगायचे, हेही आधीच ठरवून द्यावे.

कापूस वेचणीच्या दिवसांत आईवडील पहाटे वावरात जातात आणि घरी धाकट्या भावंडांवर लक्ष ठेवायला थोरले मूलच उरते. मेळघाटातून मजुरीसाठी बाहेर पडणाऱ्या कुटुंबांची मुले तर कामाच्या जागी, नव्या माणसांत राहतात. या काळात शेजारच्या कोणत्या दोन घरांत जायचे, कोणाला दार उघडायचे नाही, हे मुलांशी बोलून नक्की करणे एवढे तरी घरच्यांनी करावेच.

स्पर्शाबाबतचे शिक्षण मुलींपुरते ठेवण्याची चूक फार होते. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या, १३ राज्यांतील बालकांवरील अत्याचारांच्या अभ्यासात लैंगिक अत्याचार सांगणाऱ्या मुलांमध्ये मुलग्यांचे प्रमाण निम्म्याहून किंचित अधिक आढळले. शरीराच्या सर्व अवयवांची नावे मुलाला संकोचाशिवाय सांगता यावीत, पाहुण्याच्या मांडीवर बसायला वा पापा द्यायला त्याच्यावर जबरदस्ती होऊ नये, आणि थट्टामस्करीच्या नात्यातही त्याने ‘नको’ म्हटले की हात थांबावा, हे घरातूनच सुरू होते. पायाही पडायचे आणि नकारही द्यायचा, यात विरोध नाही. आदर आणि अंगाला हात लावू देणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे मुलांना चटकन समजते, मोठ्यांनाच वेळ लागतो.

आश्रमशाळांमध्ये लहान वयात घरापासून दूर राहणाऱ्या कोरकू, गोंड, माडिया मुलांना हे पाठ त्यांच्या बोलीत मिळणे आवश्यक आहे. लाजिरवाणी वाटणारी गोष्ट परक्या भाषेत मूल सांगू शकत नाही.

या शिक्षणाचे रूपांतर परक्यांविषयीच्या भयात होऊ नये, हे विशेष काळजीने पाहावे लागते. पोरे पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा जमावाने जीव घेतला. विदर्भाच्या गावांतही बहुरूपी, नाथजोगी, वैदू पिढ्यान्‌पिढ्या येत आले आहेत. त्यांच्याकडे बोट दाखवून मुलाला भिवविणे अन्यायाचे आहे आणि खऱ्या धोक्यावरून लक्ष उडवणारेही.

गावपातळीवर सरपंचाच्या अध्यक्षतेखालील ग्राम बाल संरक्षण समिती, अंगणवाडी सेविका, आशा आणि पोलीस पाटील यांच्याकडे तक्रार पोहोचवता येते. १०९८ हा बालकांसाठीचा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक चोवीस तास चालतो. तातडीच्या मदतीसाठी ११२ आहे. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेला लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम १८ वर्षांखालील प्रत्येकाला, मुलगा असो वा मुलगी, संरक्षण देतो. अपराधाची माहिती असूनही पोलिसांना न कळवणे हा त्यात दंडनीय गुन्हा आहे. त्यामुळे गावच्या बैठकीत प्रकरण मिटवून टाकणे कायद्याला मान्य नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. त्याला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही आणि त्याची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. ही माहिती फारशा घरांत पोहोचलेली नाही, आणि ठाण्याच्या धास्तीने अनेक आया गप्प राहतात. म्हणून पालकसभेत मुलांच्या धड्यासोबत कायद्याचा हा भागही वाचून दाखवला जावा.