दारुहळद, डीएनए आणि मिठाचा हिशेब

बर्बेरिनच्या कॅप्सूलना ‘नैसर्गिक ओझेम्पिक’ (ओझेम्पिक हे मधुमेहाचं, वजन घटवायलाही वापरलं जाणारं औषध) म्हणायची टूम निघाली आणि त्यापाठोपाठ ‘थेट डीएनएवर काम करते’ असल्या जाहिरातीही फिरू लागल्या. गंमत म्हणजे डीएनएची गोष्ट निव्वळ थाप नाही. बर्बेरिन हे दारुहळदीच्या मुळांत आणि खोडात सापडणारं पिवळंधमक अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतींत तयार होणारं नायट्रोजनयुक्त रसायन. परीक्षानळीत ते डीएनएला खरोखर चिकटतं आणि चिकटलेलं डोळ्यांना दिसतं: नुसत्या पाण्यातलं त्याचं द्रावण अतिनील दिव्याखाली जेमतेम चमकतं, डीएनए घातला की चांगलंच उजळतं. पण चिकटतं कशामुळे?

डीएनएच्या शिडीत दोन पायऱ्यांमधलं अंतर 0.34 नॅनोमीटर. चपटे रेणू या पायऱ्यांच्या मध्ये सरकून बसतात, ही कल्पना लिओनार्ड लर्मन यांनी 1961 साली मांडली. पानांत मोरपीस ठेवलं की वही फुगते, तसा डीएनए त्या जागी लांबतो आणि त्याचा पीळ थोडा सैलावतो. बर्बेरिनचा रेणू अणूंच्या कड्यांचा बनलेला असतो आणि त्यातल्या एका कड्याला किंचित बाक आहे, त्यामुळे ते अर्धवटच आत शिरतं.

दोन रेणू जोडले गेले म्हणजे उष्णता बाहेर पडली आणि काम झालं, असा आपला समज असतो. ती उष्णता मोजताही येते. उष्मामापकाच्या कुपीत डीएनएचं द्रावण असतं आणि वरून सुईने बर्बेरिनचे काही मायक्रोलिटरचे थेंब सोडतात. दर थेंबाला आलेखावर एक टोक उमटतं. जागा भरत जातात तशी टोकं बुटकी होतात. टोकांच्या आकारावरून उष्णता कळते, ती किती झपाट्याने बुटकी होतात त्यावरून बंधनाची ताकद. मात्र नुसत्या उष्णतेत ही ताकद बसत नाही. उरलेला वाटा एन्ट्रॉपीचा, म्हणजे कणांना विखुरायला किती मोकळीक आहे त्याचा, आणि त्यातला माझा लाडका भाग सोडियमचा.

डीएनएच्या कण्यावर ओळीने ऋणभारित फॉस्फेट असतात. एवढे सारखे भार जवळजवळ आले की भोवतीच्या पाण्यातले सोडियम आयन त्यांच्याजवळ गोळा होतात आणि तिथेच अडकून पडतात. बर्बेरिनच्या नायट्रोजनवर एक कायमचा धनभार आहे. ते येऊन बसलं की सरासरी 0.88 सोडियम आयन मोकळा होतो. (पाऊण-एक आयन कसा सुटेल? हा सरासरीचा आकडा आहे.) सुटलेल्या आयनाला अख्खं द्रावण हिंडायला मिळतं, म्हणजे एन्ट्रॉपी वाढते.

आता आकडेमोड. लिटरमागे 0.02 मोल मीठ आणि तापमान 25 अंश धरलं, तर या सुटकेतून मोलमागे सुमारे 2 किलोकॅलरी मुक्त ऊर्जा (उष्णता आणि एन्ट्रॉपी मिळून बंधनाला मिळणारा एकूण जोर) मिळते. बंधन-स्थिरांक (पकड किती घट्ट आहे ते सांगणारा आकडा) एक लाख असेल तर एकूण मुक्त ऊर्जा होते सुमारे 6.8 किलोकॅलरी. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा सोडियमच्या सुटकेचा! बाकीची ऊर्जा कड्यांची एकमेकांवरची रचना आणि हुसकलेलं पाणी यांतून येते. पायऱ्या फाकवायला लागणारा खर्चही त्यातूनच वळता होतो.

याची परीक्षा सोपी आहे: मीठ वाढवायचं. द्रावणात आधीच सोडियमची गर्दी असेल तर सुटून फारसा फायदा नाही. मीठ दहापट केलं की स्थिरांक साडेसातपट घसरायला हवा. प्रयोगात मीठ आणि स्थिरांक यांच्या लघुगणकांचा आलेख काढला की रेषा खाली झुकते आणि तिच्या उतारावरून रेणूचा भार ओळखता येतो.

जाहिरातवाल्यांची पंचाईत नेमकी इथेच होते. असे प्रयोग बऱ्याचदा अळणी द्रावणात होतात, तर रक्तातल्या द्रवात सोडियम लिटरमागे 0.14 मोलच्या आसपास असतं. पेशीच्या आत तीच कामगिरी पोटॅशियम करतं. एवढ्यानेच पकड पाच-सहा पटींनी ढिली पडते. त्याआधी कॅप्सूलमधलं बर्बेरिन आतड्यातून रक्तात उतरतं तेच मुळी फार थोडं.

आणि डीएनएला चिकटणं हा गुण आहे हे कुणी ठरवलं? पिवळ्या धोतऱ्याच्या बियांतलं सँग्विनारिन हेही वनस्पतीतलंच अल्कलॉइड, बर्बेरिनपेक्षा चपटं आणि डीएनएला अधिक घट्ट बसणारं. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात याच बियांच्या तेलाची भेसळ झाली आणि 60हून अधिक माणसं दगावली. त्या विषबाधेत रक्तवाहिन्या झिरपू लागतात आणि अंगाला सूज येते, तेव्हा तिचं खापर एकट्या डीएनएवर फोडता येणार नाही. पण तेही ‘नैसर्गिक’च होतं.