हरलेली टीम पाडायची की दुरुस्त करायची?

आमच्या वाशीच्या सोसायटीत गेली चार वर्षं एकच वाद चालू आहे, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला द्यायची की प्लास्टर-बिस्टर करून अजून दहा वर्षं ढकलायची. मागच्या एजीएमला माझा भाचा मागच्या खुर्चीत बसून हे सगळं ऐकत होता, जेवायला आला होता बिचारा. तो ऐरोलीत यूएस शिफ्ट करतो, क्लायंटची अर्धी माणसं मिशिगनची, त्यामुळे त्याला अमेरिकन फुटबॉलचं वेड लागलंय, आणि फॅन झाला तो पण कुणाचा तर तिथल्याच डेट्रॉइट लायन्सचा. जिना उतरताना म्हणाला, "मामा, आमची टीम पण अशीच होती, सगळ्यांना दिसत होतं पडतेय, पण पाडायची कशी ते कुणाला कळत नव्हतं."

आता फुटबॉल म्हणजे २०१७ ला आपल्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर अंडर-१७ वर्ल्ड कपच्या मॅचेस झाल्या तो नाही हां. हा लंबगोल चेंडूचा, हेल्मेटवाला, हाताने जास्त आणि पायाने कमी खेळायचा खेळ. एनएफएल ही त्यांची लीग, ३२ टीम, प्रत्येकीला सीझनमध्ये १७ मॅच (२०२१ पासून, आधी १६ होत्या), आणि फेब्रुवारीत सीझन संपला की सप्टेंबरपर्यंत मैदान बंद. या मधल्या काळाला ऑफसीझन म्हणतात. हरलेल्या टीमचं खरं काम तेव्हाच चालतं, आणि त्यात किती गणित आहे ते भाच्याने डोकं खाल्ल्यावर मला कळलं.

पाडापाडीच्या आधी आपण काय करतो? स्ट्रक्चरल ऑडिट. इंजिनीअर येतो, कॉलमवर हातोडीसारखं यंत्र दाबून बघतो, काँक्रीटचा तुकडा कापून नेतो, कारण बाहेरून भिंत फुगलेली दिसली म्हणून आतली सळई गंजलीच असेल असं नाही आणि उलटही खरं, बाहेरून चकाचक आणि आत भुसा. टीमचंही तेच आहे. १७ पैकी ५ मॅच जिंकली म्हणजे टीम वाईट, असं आपण पटकन म्हणतो. पण समजा ३२ च्या ३२ टीम अगदी एकसारख्या आहेत आणि प्रत्येक मॅचचा निकाल निव्वळ नाणेफेक आहे. एका टीमला ५ किंवा त्याहून कमी विजय मिळायची शक्यता काढली तर ती सुमारे ७ टक्के येते (१७ वेळा नाणं उडवायचं, २ चा १७ वा घात म्हणजे १,३१,०७२ प्रकारे निकाल लागू शकतात, त्यातले ९,४०२ असे). ३२ ने गुणा. म्हणजे कुणीच वाईट नसताना सुद्धा दर वर्षी सरासरी दोनेक टीम तळाला जाणार, त्यांच्या कोचला घरी पाठवणार, आणि पुढच्या वर्षी त्या आपोआप सुधारल्या की नवीन कोचचा सत्कार होणार! खऱ्या टीम एकसारख्या नसतात हे मान्य, पण १७ मॅच हा आकडा नशिबाला बाजूला काढायला फारच छोटा आहे. क्रिकेटमध्ये एका सिरीजवरून आपण माणसाला काढा म्हणतो, तसंच.

मग ऑडिट कसं करायचं? विजय मोजायचे नाहीत, पॉइंट मोजायचे. बेसबॉलवाल्या बिल जेम्सने एक साधं सूत्र काढलं होतं, आपण केलेल्या धावांचा वर्ग भागिले आपल्या धावांचा वर्ग अधिक समोरच्यांच्या धावांचा वर्ग. वर्गांची बेरीज आहे म्हणून त्याला चक्क पायथागोरसचं नाव पडलं, त्रिकोणाशी काही संबंध नाही. फुटबॉलला वर्गाऐवजी साधारण २.३७ वा घात बसतो. यातून टीमने किती मॅच जिंकायला हव्या होत्या याचा अंदाज येतो. मोठा पराभव आणि एका पॉइंटचा पराभव पॉइंट टेबलात सारखाच दिसतो, सूत्रात दिसत नाही.

उदाहरण एकदम झकास आहे. २०२२ ला मिनेसोटा व्हायकिंग्जने १७ पैकी १३ मॅच जिंकल्या. शहर खूश. पण त्यांनी पूर्ण सीझनमध्ये ४२४ पॉइंट केले आणि ४२७ दिले, म्हणजे १३ विजय असूनही हिशेब उणे ३! सूत्र म्हणतं ८.४ विजय हवे होते. वरचे आले कुठून, तर ८ किंवा त्याहून कमी पॉइंटने सुटलेल्या ११ मॅचेस त्यांनी खेळल्या आणि ११ च्या ११ जिंकल्या. ज्याला हे माहीत होतं त्याने तेव्हाच ओळखलं की हे टिकणारं नाही. प्लेऑफच्या पहिल्याच मॅचला हरून बाहेर पडले, पुढच्या वर्षी ७ विजय, १० पराभव. (त्या वर्षी त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, जखमी झाला हेही सांगायला हवं, नाहीतर मीच आकडे माझ्या सोयीने वाकवले असं होईल.)

अटीतटीच्या मॅचेसमध्ये इतकं नशीब का, याचं एक कारण चेंडूतच आहे. कुणाच्या हातातून चेंडू निसटून जमिनीवर पडला की त्याला फंबल म्हणतात, जो झडप घालेल त्याचा. गोल चेंडू जमिनीवर कसाही पडला तरी टेकण्याची जागा त्याच्या मध्याच्या बरोबर खाली असते, त्यामुळे तो कुठे उसळणार ते आपल्याला गल्लीत खेळून खेळून पाठ असतं. लंबगोल चेंडू टोकावर तिरका पडला की जमिनीचा धक्का वस्तुमानाच्या केंद्रातून जातच नाही, बाजूने जातो, चेंडूला पीळ बसतो, आणि कोनात जरासा फरक पडला की पुढची उडी वेगळ्याच दिशेला. फंबल करायला लावणं हे कौशल्य, पण तो सापडणं जवळपास अर्धं-अर्धं. म्हणून हिशेब करणारे लोक सापडलेले फंबल आधी बाजूला ठेवतात आणि मग टीमकडे बघतात.

लायन्सचं ऑडिट काय म्हणत होतं? २००८ ला ही टीम १६ पैकी १६ हरलेली, १६ मॅचच्या सीझनमध्ये असं करणारी पहिली टीम. २०२१ ला ३ विजय, १३ पराभव आणि एक बरोबरी. पॉइंट ३२५ केले, ४६७ दिले. सूत्राने ५ विजय दिले असते. म्हणजे थोडं दुर्दैव होतं, पण बाकी खरंच सळ्या गंजलेल्या. अशा वेळी प्लास्टर लावून उपयोग नाही, आणि प्लास्टर म्हणजे इथे तिशीतला मोठ्या नावाचा, महागडा खेळाडू. धावत जाऊन रोज अंगावर माणसं घेणारा रनिंग बॅक तर पंचविशी-सत्ताविशीलाच शिखरावर असतो, त्याला अठ्ठाविसाव्या वर्षी मोठा पगार देणं म्हणजे मागच्या कामाचं बक्षीस.

मग नवीन माणसं आणायची कुठून? ड्राफ्टमधून. दर एप्रिलच्या शेवटी कॉलेजमधल्या पोरांची निवड होते, सात फेऱ्या, आणि तळाच्या टीमला पहिला नंबर. हे नंबर विकता येतात, बदलता येतात, पुढच्या वर्षीचे सुद्धा. आणि बरोबर त्याच दिवसांत आपल्याकडे हापूसचा सीझन असतो, त्यामुळे मला हे एपीएमसीच्या फळबाजाराशिवाय समजूच शकलं नाही.

पूर्वी तिथे रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचे, एकाचा भाव दुसऱ्याला दिसायचा नाही. समजा एका लॉटवर दहा व्यापारी बोली लावतायत. आत किती आंबे चांगले निघतील ते कुणालाच नक्की माहीत नाही, प्रत्येकाचा आपला अंदाज, कुणाचा कमी कुणाचा जास्त, पण दहांची सरासरी जवळपास बरोबर. लॉट कुणाला मिळणार? ज्याने सगळ्यात जास्त चुकून वरचा अंदाज लावला त्याला! म्हणजे लिलाव जिंकला यातच चूक दडलेली आहे. १९७१ ला तेल कंपनीतल्या तीन इंजिनीअरांनी हे मांडलं, मेक्सिकोच्या आखातातल्या तेलाच्या पट्ट्यांच्या लिलावात कंपन्यांचे पैसे का बुडतात ते शोधताना, आणि याला विजेत्याचा शाप असं नाव पडलं.

रिचर्ड थेलर, ज्याला २०१७ ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्याने आणि केड मॅसीने हेच एनएफएलच्या ड्राफ्टला लावून बघितलं, २०१३ ला त्यांचा पेपर छापून आला. त्यात दिसलं की एकाच जागेवर खेळणारे दोन खेळाडू घेतले, एक आधी निवडलेला आणि एक लगेच त्याच्या नंतरचा, तर आधीचा जास्त चांगला निघायची शक्यता नाणेफेकीपेक्षा जराशीच जास्त. एवढे स्काउट, स्टॉपवॉच लावून धावायला लावणं, मुलाखती, आणि शेवटी हे. तरी टीम वरच्या नंबरासाठी अफाट किंमत मोजतात. याहून भारी म्हणजे आज एक नंबर घेऊन बदल्यात पुढच्या वर्षीचा देतात, तेव्हा त्यात दडलेलं व्याज वर्षाला १०० टक्क्यांहून जास्त पडतं. पठाणी व्याज म्हणतो ना आपण, तेच. पाडव्याच्या पेटीला जो भाव देतो आणि मे महिन्यात तीच पेटी बघून जी हळहळ वाटते, ती हळहळ या मॅनेजर लोकांना होत नाही, कारण मे येईपर्यंत बऱ्याच जणांची नोकरी गेलेली असते. मला वाटतं सगळ्या गोष्टीची चावी इथेच आहे, टीमला थांबणं परवडतं, मॅनेजरला परवडत नाही.

पगाराचं गणित पण बघा. १९९४ पासून (एक २०१० सोडलं तर) प्रत्येक टीमला पगारावर एकच मर्यादा आहे, २०२४ ला ती २५ कोटी ५४ लाख डॉलर होती, श्रीमंत मालकाला सुद्धा तेवढीच. मग जिंकायचं तर कमी पगारात जास्त खेळ मिळवायचा, दुसरा रस्ता नाही. २०१० ला पहिल्या नंबरवर निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला ६ वर्षांचे ७ कोटी ८० लाख डॉलर कबूल केले होते. पुढच्याच वर्षी नवा करार आला, नवीन पोरांचे पगार बांधून टाकले, आणि २०११ च्या पहिल्या नंबरवाल्या कॅम न्यूटनला ४ वर्षांचे साधारण २ कोटी २० लाख. एका वर्षात! त्यामुळे आता ड्राफ्टमधला चांगला निघालेला पोरगा म्हणजे चार वर्षं स्वस्तात मिळालेला हिरा, आणि जितके जास्त नंबर हातात, तितक्या जास्त वेळा हिरा निघायची संधी. कोणती पेटी चांगली ते ओळखता येत नसेल तर एक महाग पेटी घेण्यापेक्षा चार मध्यम घ्या, एवढंच.

२०२१ च्या जानेवारीत लायन्सने ब्रॅड होम्सला मॅनेजर आणि डॅन कॅम्पबेलला कोच केलं, आणि त्यांच्या काळातला पहिला मोठा निर्णय असा की बारा वर्षं आपल्याकडे खेळलेला क्वार्टरबॅक, मॅथ्यू स्टॅफर्ड, लॉस एंजेलिस रॅम्सला देऊन टाकला. बदल्यात त्यांचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ, जो रॅम्सला नकोच होता, आणि पहिल्या फेरीचे दोन नंबर, तिसऱ्या फेरीचा एक. स्टॅफर्डने पहिल्याच वर्षी तिकडे सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकला. डेट्रॉइटच्या लोकांचं काय झालं असेल विचार करा, इकडे ३ विजय आणि तिकडे आपला पोरगा कप घेऊन उभा. पण पुढच्या वर्षी रॅम्स कोसळले, ५ विजय, १२ पराभव, आणि त्यांच्याकडून मिळालेला २०२३ चा नंबर एकदम ६ वा निघाला. लायन्सने तो पण जवळ ठेवला नाही. ॲरिझोनाला देऊन मुख्य म्हणजे १२ वा आणि ३४ वा घेतला, त्यात जमीर गिब्ज आणि सॅम लापोर्टा आले आणि दोघे पहिल्याच वर्षी चमकले. त्याआधी २०२१ ला चौथ्या फेरीत ११२ व्या नंबरवर आमोन-रा सेंट ब्राउन मिळाला होता, त्याच्या आधी १६ रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारे) निवडले गेले, त्या सोळा जणांची नावं त्याला तोंडपाठ आहेत म्हणे. कॅम्पबेलची खुर्ची २०२२ मध्ये ७ पैकी ६ हरल्यावर सुद्धा शाबूत राहिली, ते मला सगळ्यात विशेष वाटतं. तिथून पुढच्या १० पैकी ८ जिंकले.

१४ जानेवारी २०२४ ला लायन्सने ३२ वर्षांनी पहिली प्लेऑफ मॅच जिंकली, २४-२३, समोर रॅम्स आणि स्टॅफर्ड. आपल्याकडे तेव्हा १५ तारीख उजाडली होती, सोमवार, संक्रांत, आणि भाचा रात्रभर जागून सकाळी तिळगूळ द्यायला आला तो डोळे लाल करून.

याचा अर्थ दरवेळी थांबूनच होतं असं नाही. डेन्व्हरच्या टीमने २०२४ मध्ये आपला क्वार्टरबॅक रसेल विल्सनला काढलं, तो खेळत नसताना सुद्धा त्याचे ८ कोटी ५० लाख डॉलर दोन वर्षांच्या मर्यादेतून कापले जाणार होते, सगळे म्हणाले आता गेले चार वर्षं कामातून, आणि त्याच वर्षी नवीन पोरगा बो निक्स घेऊन ते प्लेऑफला पोचले. इतका नशिबाचा भाग आहे म्हटल्यावर असंही होणारच.

२०२४ चा ड्राफ्ट तर खुद्द डेट्रॉइटमध्येच होता. आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाचला सुरू झाला. मी चहा पीत होतो तेव्हा भाच्याचा फोन, आवाज टिपेला, लायन्सने आपला २९ वा नंबर आणि वर ७३ वा देऊन २४ वा घेतला म्हणे, टेरियन अर्नोल्डसाठी, म्हणजे समोरच्या रिसीव्हरला अडवणाऱ्या एका कॉर्नरबॅकसाठी. म्हणजे महिनाभर ज्याने मला खाली उतरण्याचे फायदे समजावले त्याचीच टीम जास्त पैसे मोजून वर चढली. म्हटलं, "अरे, मग तो तुझा थेलर कुठे गेला?"

"मामा, कॉर्नरबॅक पाहिजेच होता ना आपल्याला."